ऊन तं लय आहे, मंग पीक काऊन नाही?

मागच्या ऑगस्टात काटोलजवळ मामांच्या शेतात गेलो होतो. चार दिवसांची झड नुकतीच उघडली होती. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, फुलावर आलेलं. आम्ही धुऱ्यावर उभे होतो. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "तू पोरायले सायन्स शिकवतं ना, मंग एक सांग. झाडाचं जेवण उन्हापासून होते म्हंतेत. ऊन तं आपल्या नागपुरात लय आहे बाप्पा. मंग पीक काऊन नाही?"

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण झोपेतही लिहून देईन: कार्बन डायऑक्साइड, पाणी, सूर्यप्रकाश, आणि पलीकडे साखर नि प्राणवायू. पण मामांच्या प्रश्नाला ते समीकरण पुरत नाही. त्यांना विचारायचं होतं की एवढा माल आत जातो, मग बाहेर एवढासाच का येतो? मजा म्हणजे जगातले काही नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ गेली पंचवीसेक वर्षं नेमका हाच प्रश्न घेऊन बसलेत, आणि गेल्या दहा वर्षांत त्यांच्या हाताला काहीतरी लागलंय.

आधी माल किती जातो ते पाहू. हल्ली नागपुरात गल्लोगल्ली छतावर सोलर पॅनल दिसतात, त्यामुळे ऊन युनिटमध्ये मोजलं तर पटकन कळतं. पावसाळ्यातले ढगाळ दिवस धरूनही एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी साडेचार युनिट ऊन पडतं असं समजू. एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. म्हणजे रोजचे अठरा हजार युनिट, आणि सोयाबीनच्या शंभर दिवसांत अठरा लाख युनिट. महिन्याला तीनशे युनिट जाळणाऱ्या पाचशे घरांची वर्षभराची वीज झाली ही. आता दुसऱ्या टोकाला या. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल सोयाबीन झालं, तर त्या दाण्यांत साठलेली ऊर्जा भरते जेमतेम दोन हजार युनिट. त्यातल्या एका घराला सात महिनेही पुरणार नाही. हजार युनिट उन्हामागे एक युनिट दाणा.

हा हिशोब मी मामांना फोनवर सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे महावितरणपेक्षाही जास्त गळती."

ही गळती कुठे होते? काही ठिकाणी इलाजच नाही. सूर्यप्रकाशातला अर्ध्याच्या आसपास भाग पानाला वापरताच येत नाही, हरितद्रव्याला तो चालत नाही. पेरणीनंतरचा महिनाभर दोन तासांमधली, म्हणजे ओळींमधली, माती उघडी असते, तिथलं ऊन मातीलाच तापवतं. जी साखर बनते तिच्यातून मुळं, खोड, पानं घडवावी लागतात. सोयाबीनला तर मुळांवरच्या गाठींतले जिवाणूही पोसायचे असतात आणि दाण्यात तेल-प्रथिनं भरायची असतात, तो सगळा महागाचा माल. हे सगळं मान्य करूनही, सगळं जुळून आलं तर सोयाबीन, गहू, धान यांसारख्या पिकांना उन्हातली फार तर ४.६ टक्के ऊर्जा शरीरात बांधता येईल आणि ज्वारी, मका, ऊस यांना ६ टक्के, असं गणित २००८ साली मांडलं गेलं. प्रत्यक्षात उत्तमात उत्तम शेतात, पूर्ण हंगामाचा हिशोब धरला, तर पहिल्या गटाने २.४ आणि दुसऱ्याने ३.७ टक्क्यांपर्यंत मजल मारलेली आहे. आपली रोजची शेतं त्याच्याही बरीच खाली.

हे गणित मांडणाऱ्यांपैकी एक स्टीव्ह लाँग. मूळचे इंग्लंडचे, आता अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. उत्पन्न चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: किती ऊन पडलं, त्यातलं किती पानांनी अडवलं, अडवलेल्यातलं किती शरीरात बांधलं, आणि बांधलेल्यातला किती वाटा दाण्यात गेला. हरितक्रांतीने मुख्यतः शेवटची गोष्ट साधली. नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाने उंच काडी वाढवण्यातला खर्च वाचवला आणि तो ओंबीत घातला. जुन्या गव्हात जमिनीवरच्या वजनाचा तिसरा हिस्सा दाणा असायचा, तो निम्म्यावर आला. खत दिलं तरी झाड लोळेना. पण काडी आणखी किती तोडणार? ओंबी उभी राहायला काहीतरी खाली हवंच ना. पानांनी ऊन अडवण्याचं कामही नव्या वाणांत चांगलंच जमलंय. उरली तिसरी गोष्ट, अडवलेल्या उन्हाचं अन्न करण्याची. तिथे आजवर कोणी फारसा हात घातला नव्हता. कारण निसर्गाने ते काम अब्जावधी वर्षं घासूनपुसून चोख केलंय, आपण काय सुधारणार, अशीच समजूत होती.

ती समजूत अर्धीच बरोबर निघाली. निसर्गाने ते घासलंय खरं, पण झाड जगावं आणि चार बिया टाकून जावं एवढ्यासाठी. एकरी पोती मोजण्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता पहिली गडबड पाहू. ती मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती समजायला नागपूरकराइतका लायक माणूस दुसरा नाही.

पानाला ऊन कमी पडतं असं आपल्याला वाटतं. उलट आहे. शाळेत हायड्रिलाचा प्रयोग केलेला आठवतो का? पाण्यात हिरवी फांदी, वर उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी, आणि फांदीतून निघणारे बुडबुडे मोजायचे. मी दरवर्षी तो करून घेतो. हायड्रिला सीताबर्डीतल्या मासे विकणाऱ्या दुकानातून आणतो. वर्गातून पात्र खिडकीत नेलं की बुडबुडे वाढतात, गच्चीवर नेलं की आणखी वाढतात, आणि मग एका ठिकाणी थांबतात. ऊन कितीही कडक होवो, वेग तोच. शेतातल्या सोयाबीनच्या वरच्या पानाचंही तेच. भर दुपारच्या उन्हाच्या पाव हिश्श्यातच त्याचं पोट भरत येतं. उरलेलं ऊन त्याला नको असतं, आणि नकोसं ऊन पानात नुसतं पडून राहत नाही. ती ऊर्जा प्राणवायूच्या अंगात शिरते आणि त्याचे असे जहाल रेणू बनतात की ते हरितद्रव्याच्या यंत्रणेलाच जाळत सुटतात.

म्हणून पान दुपट्टा बांधतं.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता वर्धा रोडवर गाडीवर निघालेलं कोणीही आठवा. डोकं, कान, नाक, तोंड सगळं दुपट्ट्यात, फक्त डोळे उघडे. पानही जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर सोडून देण्याची सोय करतं. त्यासाठी पानात एक पिवळं रंगद्रव्य तयार होतं, झिअॅक्सँथिन. मक्याच्या दाण्याला पिवळेपणा देणारं हेच. कडक उन्हात एक विकर (एन्झाइम) ते बनवतं, ऊन उतरलं की दुसरं विकर त्याला मोडून मूळ रूपात नेतं. तिसरं एक प्रथिन जादा उन्हाची चाहूल लागताच ही सोय चालू करतं आणि ऊन ओसरलं की बंद करतं. बांधणारं एक, सोडणारं एक, इशारा देणारं एक.

अडचण सोडण्यात आहे. दुपट्टा बांधायला पान फारसा वेळ लावत नाही, सोडायला मात्र मिनिटंच्या मिनिटं घेतं. आपण ऑफिसात पोचल्यावर एसीखाली उभं राहूनही गाठ सुटत नाही, समोर चहा ठेवलाय, तोंड झाकलेलं, तसं. ऑगस्टातलं मामांचं शेत डोळ्यांपुढे आणा. ढग येतो, सावली धुऱ्यावरून सरकत जाते, मिनिटात पुन्हा ऊन. ढग नसला तरी वारा आहे. वरचं पान हललं की खालच्यावर सावली पडते, परत उजेड. एकेका पानावर दिवसभर उजेड-सावलीची ही उघडझाप चालू असते. सावली आली की आता प्रत्येक किरण उपयोगी, पण पान अजून दुपट्ट्यातच. मिळालेला थोडासा उजेडही ते उष्णता म्हणून उडवून देतं. या उशिरापायी पीक आपल्या संभाव्य उत्पन्नातला २० टक्क्यांपर्यंत वाटा गमावत असावं असं संगणकावरच्या गणितांतून आलं होतं.

मग लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात अमेरिकेतल्याच बर्कले विद्यापीठाचे कृष्णा नियोगीही आले, एक उपाय केला. तो ऐकायला इतका साधा आहे की हसू येतं. तिन्ही कामगारांची संख्या वाढवली. बांधणारे जास्त, सोडणारे जास्त, इशारा देणारे जास्त. बांधणंही झटकन, सोडणंही झटकन. संरक्षण कमी केलं नाही, फक्त त्याची चाल वाढवली. प्रयोगासाठी झाड निवडलं तंबाखू. तंबाखू म्हटल्यावर इथे खर्राच आठवणार, पण प्रयोगशाळेत तिचं कारण वेगळं: तंबाखूत जनुक घालणं सोपं, बिया भरपूर, आणि शेतात ती पिकांसारखीच पानांवर पानं रचत वाढते. २०१६ साली निकाल छापून आला. उघड्या शेतातल्या त्या झाडांचं वाळलेलं वजन सुमारे १५ टक्के जास्त भरलं. प्रकाशसंश्लेषणाला हात लावून शेतात वजन वाढवता येतं, हे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

मग तेच सोयाबीनमध्ये. २०२२ साली आलेल्या निकालात पाच वेगवेगळ्या बदललेल्या वाणांचं दाण्याचं उत्पन्न वाढलेलं होतं, सगळ्यात चांगल्यात ३३ टक्क्यांपर्यंत, आणि दाण्यातलं तेल-प्रथिनांचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. बातम्यांनी हा ३३चा आकडा डोक्यावर घेतला. पण तो एका हंगामाचा. प्रयोगाच्या दुसऱ्या वर्षी, २०२१ला, वादळ आलं, सोयाबीन लोळलं आणि बदललेल्या-साध्या वाणांत ठोस फरक काही दिसेना. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी गडबड आणखी खोल आहे, आणि तिचा नागपूरच्या तापमानाशी थेट संबंध आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या साखळीत जोडणारं एक विकर आहे, रुबिस्को. तुमच्या-माझ्या ताटातला प्रत्येक घास कधी ना कधी याच्या हातून गेलेला आहे. एवढ्या मोठ्या कामाला निसर्गाने नेमलेला हा गडी भलताच मंद. सेकंदाला तीनेक रेणू उचलतो. दुसरी विकरं तेवढ्या वेळात शेकड्यांनी, हजारांनी कामं उरकतात. मंद म्हणून पान त्याची गर्दीच करून ठेवतं. सोयाबीन-गव्हाच्या पानातल्या नत्राचा पाव हिस्सा या एकट्या प्रथिनात अडकलेला असतो. गव्हाला टाकलेल्या युरियाच्या गोणीतला बराचसा माल शेवटी इथे जातो.

मंदपणा एकवेळ चालवून घेऊ. पण तो चुकतोही. कळमना मार्केटात अंधारात संत्री आणि मोसंबी वेगळी करायला कोणाला बसवलंय असं समजा, हातानं चाचपून. संत्रं म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मोसंबी म्हणजे प्राणवायू. रुबिस्कोला त्यांतला फरक कळतो, पण पुरेसा नाही. त्यात ढीग कसा आहे पाहा: हवेच्या दहा हजार रेणूंमागे प्राणवायूचे सुमारे एकवीसशे आणि कार्बन डायऑक्साइडचे चार. एवढ्या मोसंब्यांतून संत्रं शोधून काढतो हेच खरं तर कौतुक. तरी दर चार-पाच उचलींत एखादी चुकतेच. बिचाऱ्याला दोष तरी कसा द्यावा? तो घडला त्या काळी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नावालाच होता. पुढे त्याच्याच कामातून प्राणवायू साठत गेला आणि तोच त्याच्या आड आला.

चुकून प्राणवायू जोडला गेला की पानात एक निरुपयोगी, थोडा विषारीच माल तयार होतो. तो तसाच टाकता येत नाही, त्यातला कार्बन परत मिळवावा लागतो. त्यासाठी पेशी जी खटपट करते ती सरकारी कागदासारखी आहे: हरितलवकातून एका दुसऱ्या कप्प्यात, तिथून तिसऱ्यात, परत दुसऱ्यात, आणि शेवटी पुन्हा हरितलवकात. वाटेत ऊर्जा जळते आणि आधीच पकडलेल्या कार्बनपैकी काही उडूनही जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. या एका प्रकारापायी अमेरिकेत सोयाबीनचं उत्पन्न ३६ टक्क्यांनी आणि गव्हाचं २० टक्क्यांनी कमी येतं असा २०१६चा अंदाज आहे.

तो अंदाज अमेरिकेच्या हवेतला. ऊन वाढलं की चुका वाढतात, दोन कारणांनी. एक तर गरम पानात रुबिस्कोची पारख आणखी बिघडते. दुसरं म्हणजे पानातलं पाणी गरम झालं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड प्राणवायूपेक्षा जास्त झपाट्याने कमी होतो. उन्हात ठेवलेल्या सोड्याच्या बाटलीतला गॅस जातो तसा. ढिगातली संत्री आणखी कमी झाली. त्यावर कडी म्हणजे रुबिस्कोला कामाला जुंपणारं एक मदतनीस विकर आहे, ते पस्तीसच्या पुढे ढेपाळायला लागतं. विदर्भात फेब्रुवारीच्या शेवटी उन्हाने डोकं वर काढलं की दाणे भरण्यातला गहू का कोमेजतो, यातलं एक कारण हे. संत्र्याचं झाड तर भर दुपारी पानांवरची रंध्रंच मिटून घेतं, पाणी वाचवायला. पण दार बंद म्हटल्यावर कार्बन डायऑक्साइडही बाहेरच. उन्हाची कमाल आणि झाड उपाशी! मामांच्या प्रश्नाला माझ्याजवळचं सगळ्यात नेमकं उत्तर हेच होतं.

यावरचा उपाय सरकारी कागद वाचवण्यासारखाच आहे: तीन कार्यालयं फिरवण्यापेक्षा त्याच खिडकीवर काम उरकायचं. इलिनॉयमधल्याच डॉन ऑर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली तंबाखूत तो आखूड रस्ता बांधून दाखवला. टाकाऊ माल हरितलवकाच्या बाहेर जाऊच द्यायचा नाही, ते दार अर्धवट बंद करायचं, आणि आतच त्याची वासलात लावायची. लागणारी दोन विकरं उसनी आणली: एक हिरव्या शेवाळातून आणि एक लाल भोपळ्यातून, ज्याला इकडे आपण कोहळं म्हणतो. शेतातल्या झाडांचं वजन ४० टक्क्यांहून जास्त वाढलं. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात प्रकाशश्वसनात वाया जाणाऱ्या उष्मांकांवर वीस कोटी माणसं जेवतील असा त्यांचा हिशोब आहे. अशाच आखूड रस्त्याचे बटाटे पुढे उष्णतेच्या लाटेत साध्या बटाट्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भरले. मला तंबाखूपेक्षा या बटाट्यांचं अप्रूप जास्त. ते खाता येतात, आणि परीक्षा नेमकी उन्हाची होती.

पण रुबिस्कोवर सगळ्यात जुना इलाज काढलाय तो गवतांनी, माणसाच्या कितीतरी आधी. ज्वारीचं पान तोडून सूर्यासमोर धरा, शेजारी सोयाबीनचं धरा. ज्वारीच्या शिरा एकमेकींना खेटून असतात. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचं कडं असतं, आणि रुबिस्कोला त्या कड्यात कोंडलेलं असतं. बाहेरच्या पेशी आपल्या वेगळ्या विकराने कार्बन डायऑक्साइड पकडतात. हे विकर प्राणवायूला फसत नाही. पकडलेला माल चार कार्बनच्या आम्लाच्या रूपात आतल्या कड्यात नेऊन सोडला जातो. आत एवढी गर्दी होते की रुबिस्कोने कुठेही हात घातला तरी संत्रंच लागतं. चार कार्बनवरून या झाडांचं नाव सी-४, आणि गहू, धान, सोयाबीन, कापूस, तूर, संत्री हे सगळे सी-३. उसामध्ये ही भानगड हॅच आणि स्लॅक या दोघांनी ऑस्ट्रेलियात १९६६ साली उलगडून दाखवली. आणि आपले जगदीशचंद्र बोस? हायड्रिला उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा काहीतरी वेगळं करते, हे त्यांनी १९२४च्या सुमारासच टिपून ठेवलं होतं. वर्गातल्या त्याच बुडबुड्यांवरून! त्याचा पूर्ण अर्थ लागायला पुढे काही दशकं गेली.

सी-४ ओळखायला पुस्तक लागत नाही. पावसाने ओढ दिली, सोयाबीनने माना टाकल्या, आणि त्याच तासात हराळी नि लव्हाळा टवटवीत उभे असतील तर ते दोघेही सी-४ आहेत. उन्हाळ्यात आपण आवडीने खातो ती चिवळीची भाजीही त्याच गटातली. आणि इथे मला एक गोष्ट खटकते. विदर्भात ज्वारीचं शेत हे नेहमीचं दृश्य होतं. मी लहान होतो तेव्हा मामांच्या घरी रोजची भाकर ज्वारीची होती आणि कडबा बैलांना. ती जागा सोयाबीनने घेतली. रोख पैसा मिळतो, लवकर निघतं, पाखरं राखावी लागत नाहीत, कारणं सगळी खरी. पण झाडाच्या बाजूने पाहिलं तर आपण उन्हाला सरावलेला गडी काढला आणि उन्हात चुकणारा ठेवला. मग आता जगभरचे शास्त्रज्ञ त्या चुकणाऱ्याला शहाणं करायला धडपडतायत. धानालाच सी-४ करण्याचा घाट फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय धान संस्थेत घातला गेला, पुढे त्याची सूत्रं ऑक्सफर्डच्या जेन लँगडेल यांच्याकडे आली. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांत त्याचं रोप दिसायला अजून बराच अवकाश आहे. दोनतीन जनुकांचं हे काम नाही, पानाची अख्खी बांधणीच बदलायची आहे.

कोरडवाहूवाल्यांनी लक्ष ठेवावं असं माझ्या मते एक वेगळंच, कमी गाजलेलं काम आहे. वर सांगितलेला तो इशारा देणारा कामगार, तेवढा एकटाच तंबाखूत वाढवला तर काय होतं, हे २०१८ साली पाहिलं गेलं. पानावरची रंध्रं किती उघडायची हे झाड आत पकडलेल्या उजेडावरूनही ठरवतं. इशारेवाले वाढले की रंध्रांना वाटतं, आज उजेड बेताचाच आहे, आणि ती थोडी कमी उघडतात. हवेत कार्बन डायऑक्साइड आता आधीपेक्षा जास्त असल्यामुळे झाडाचं तेवढ्यात भागतं. पाणी मात्र सुमारे २५ टक्के वाचलं. उत्पन्न वाढलं नाही. पण ज्याच्या शेतात विहीर नाही त्याने १५ टक्के जास्त वजन घ्यावं की एक पाणी वाचवावं? मी तरी पाणी घेईन.

आता, हे सगळं आपल्याकडे कधी? इथे मी मामांना खोटी आशा दाखवणार नाही. एक तर या क्षेत्रातच मोठा वाद आहे. शेतीतले काही जाणते म्हणतात की शेताला खरी टंचाई पाण्याची आणि नत्राची असते, साखरेची नव्हे. पानाने जास्त साखर केली तरी ती ठेवायला शेंगा कुठे आहेत? छोट्या वाफ्यातले आकडे मोठ्या शेतात, अनेक गावांत, अनेक वर्षं टिकले तरच ते खरे. २०२१च्या लोळलेल्या सोयाबीनकडे बोट दाखवलं की या आक्षेपाला उत्तर देणं जड जातं. आणि मामांचं सोयाबीन गेल्या काही वर्षांत कशाने गेलं? एकदा येलो मोझॅकने शेत पिवळं केलं, एकदा खोडमाशीने, एकदा फुलांवर असताना पावसाने दडी मारली, एकदा सोंगणीच्या वेळी तोच पाऊस येऊन बसला. यातल्या कशावरही दुपट्टा लवकर सोडण्याचा उपाय चालत नाही.

दुसरं म्हणजे कायदा. बाहेरून जनुक घातलेलं एकच पीक आपल्याकडे रीतसर शेतात आहे, २००२पासूनचा बीटी कापूस. भोपळ्याचं नि शेवाळाचं जनुक घातलेलं कुठलंही पीक आलं तरी त्याला त्याच लांबलचक परवानगीच्या रांगेत उभं राहावं लागेल. मात्र झाडाच्या स्वतःच्याच जनुकांत बारीक दुरुस्ती करायची असेल, बाहेरचं काही घालायचं नसेल, तर २०२२पासून त्या रांगेतून बरीच सूट आहे. २०२५च्या मे महिन्यात अशा दुरुस्तीने तयार केलेले धानाचे दोन वाण भारतात जाहीरही झाले. ते प्रकाशसंश्लेषणाचे नाहीत, पण वाट तीच. आणि नियोगींच्या गटाने २०२४ साली धानात दाखवलं की इशारा देणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण बाहेरचं जनुक न घालताही, त्याच्या शेजारच्या डीएनएत कात्री चालवून, वाढवता येतं. मला तरी या सगळ्यातली सगळ्यात व्यवहारी बातमी हीच वाटते, वर्तमानपत्रांत तिला फारशी जागा मिळाली नसली तरी.

तिसरी वाट आणखी साधी, वेळखाऊ. सगळी झाडं दुपट्टा सारख्याच वेळात सोडत नाहीत. बियाण्यांच्या संग्रहात जुने, गावठी, टाकून दिलेले हजारो वाण पडून आहेत. त्यांतले झटपट सोडणारे निवडून नेहमीच्या संकराने पुढे आणायचे. वर्धा रोडवर कापसाची केंद्रीय संस्था आहे, अमरावती रोडवर संत्र्यांची, आणि महाराजबागेशेजारचं कृषी महाविद्यालय १९०६पासूनचं. कापूस आणि संत्री दोन्ही सी-३, दोन्ही उन्हात चुकणारी. पंचेचाळीस अंशांत कोणतं झाड किती चुकतं हे पाहायला याहून बरं गाव शोधून सापडणार नाही.

हे सगळं मी दिवाळीत मामांना सांगितलं, दुपट्ट्यासकट, कळमन्यासकट. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी आत आवाज देऊन मामीला चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "दुपट्टेवालं बियाणं येईल तवा येईल. तू ते ज्वारीचं पान दाखवशीन म्हनला होता ना? हे घे, घराच्या मागं दोन तास लावले हायेत. भाकरीपुरते."

आम्ही मागे गेलो. ऊन कलतीला आलेलं. त्यांनी पान तोडून माझ्या हातात दिलं, मी ते सूर्यासमोर धरलं, आणि आम्ही दोघं शिरा मोजत बसलो.